मुलाखतीची तयारी: समोरच्याच्या कागदावर काय उतरणार?

मुलाखत संपली, उमेदवार बाहेर पडला, की आत काय होतं? मुलाखत घेणारा एक फॉर्म पुढे ओढतो. त्यात कामाची माहिती, अडचण सोडवण्याची पद्धत, सहकाऱ्यांशी जमवून घेणं, बोलण्यातली स्पष्टता असे चार-पाच रकाने असतात. प्रत्येकापुढे १ ते ५ पैकी गुण द्यायचे आणि ते का दिले हे शेजारी लिहायचं. त्या दिवशी आणखी तीन-चार जण भेटून गेलेले असतात आणि निर्णयाची बैठक दोन दिवसांनी असते. तोवर चेहरे एकमेकांत मिसळून जातात, कागद तेवढा उरतो. त्यावर ‘मेहनती वाटतो, आत्मविश्वास चांगला’ एवढंच असेल तर तुमची बाजू घ्यायची इच्छा असूनही त्या माणसाला ती मांडता येत नाही. ‘साठ्यातल्या तफावतीचं कारण स्वतः शोधलं, नोंदीची पद्धत बदलली, तफावत महिन्याला ४० वरून ९ वर’ असं असेल तर मांडता येते.

छापील फॉर्म सगळीकडे नसतो. छोट्या ठिकाणी मालकच समोर बसतो आणि मनाशी ठरवतो. पण ‘हाच का?’ असं भागीदाराने विचारलं तर त्यालाही काहीतरी सांगावं लागतंच. म्हणून तयारीला बसताना ‘मी काय बोलू’ याच्या आधी ‘माझ्याबद्दल त्यांनी काय लिहावं’ हे ठरवा. तीन वाक्यं पुरतात. बाकी सगळी तयारी त्या तीन वाक्यांना पुरावा जमवण्यासाठी.

मोठ्या संस्था फॉर्मच्या मागे का लागतात यालाही कारण आहे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांमधल्या आकडेमोडीची फेरतपासणी केली. बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, पण ठरीव प्रश्नांची मुलाखत सगळ्यांत वर राहिली. उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: प्रश्नांचे प्रकार बऱ्यापैकी आधी ओळखता येतात आणि नुसत्या छाप पाडण्यावर भागत नाही.

जाहिरात नीट वाचणं

पहिलं काम म्हणजे जाहिरात सेव्ह करून ठेवणं. मुदत संपली की ती वेबसाइटवरून उतरवली जाते, आणि फोन तीन आठवड्यांनी येतो. तेव्हा नेमकं काय मागितलं होतं हे आठवत नाही. रेझ्युमेची जी प्रत पाठवली तीही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. त्यांच्या हातात एक प्रत आणि तुमच्या डोक्यात दुसरी, हा घोळ फार वेळा होतो.

आता जाहिरातीतलं हे एक वाक्य घ्या: ‘विक्री, गोदाम आणि हिशेब विभागांशी समन्वय साधून साठ्याच्या नोंदी अद्ययावत ठेवणे.’ वरवर पाहता हे कारकुनी काम वाटतं. पण तीन विभागांची नावं मुद्दाम घातली आहेत, म्हणजे नोंदी या तिघांच्या मध्ये कुठेतरी अडकत असणार. ‘अद्ययावत’ हा शब्द आहे, म्हणजे आज त्या तशा नसाव्यात. तेव्हा इथे सॉफ्टवेअर येतं का यापेक्षा, जो माणूस तुमच्या हाताखाली नाही त्याच्याकडून तुम्ही वेळेवर काम कसं काढून घेतलंत, हा प्रश्न येण्याची शक्यता जास्त. प्रत्येक ओळ अशी वाचा. कामाच्या यादीतल्या पहिल्या चार-पाच ओळी बहुधा खऱ्या असतात. शेवटची ‘उत्तम संवादकौशल्य, दबावाखाली काम करण्याची तयारी’ ही मात्र जुन्या जाहिरातीतून उचललेली असते, तिच्यावर डोकं शिणवू नका. एखादा शब्द तीनदा आला असेल तर दुखणं तिथे आहे असं समजा.

मग कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे त्यांची अपेक्षा, उजवीकडे तुमच्याकडचा पुरावा. पुरावा म्हणजे घडलेली गोष्ट, ‘मला येतं’ हे वाक्य चालणार नाही. दोन-तीन ओळींसमोर जागा रिकामी राहील, आणि खरी तयारी तिथेच करायची असते. तिच्यासाठी तीन तुकड्यांचं उत्तर बांधून ठेवा: हे काम केलेलं नाही, त्याच्या जवळचं अमुक काम केलंय, उरलेलं शिकायला काय सुरू केलंय. ‘शिकून घेईन’ असं नुसतं म्हटलं तर कागदावर काही उतरत नाही. ‘गेले दोन आठवडे रोज तासभर सराव करतोय, अमुक भाग झालाय, तमुक अजून जमत नाही’ हे उतरतं. अर्थात ते खरं असलं पाहिजे, कारण पुढचा प्रश्न त्याच्यावरच येणार.

रेझ्युमेवरही हाच प्रयोग करा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: हे का केलं, कसं केलं, किती फरक पडला, यात माझा हात किती? ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येत नाही ती काढून टाकलेली बरी. नुसती वजन वाढवायला घातलेली ओळ मुलाखतीत हमखास पायात येते, कारण अनोळखी, चमकदार शब्दावर समोरच्याची नजर आधी जाते.

प्रसंगांचा साठा

‘वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?’, ‘एखादं काम फसलं असेल ते सांगा’, ‘कमी वेळात काही शिकावं लागलं का?’ अशा प्रश्नांमागचा तर्क असा की माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढेही वागण्याची शक्यता जास्त. शंभर प्रश्नांची शंभर उत्तरं तयार करणं हा वेळेचा अपव्यय आहे. सहा ते आठ प्रसंग नीट तयार असले की भागतं, कारण एक प्रसंग दोन-तीन प्रश्नांना लागू पडतो. निवडताना एवढं बघा: एक मतभेदाचा, एक अपयशाचा, एक मुदतीच्या ताणाचा, एक नवीन काहीतरी शिकण्याचा, एक स्वतःहून केलेल्या सुधारणेचा आणि एक चिडलेल्या ग्राहकाचा किंवा सहकाऱ्याचा. शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतले घ्या. पहिलीच नोकरी असेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कार्यक्रमाचं आयोजन, घरच्या धंद्यात केलेली मदत, सगळं चालतं. निकष एकच: निर्णय तुम्ही घेतलेला असावा.

सांगण्याचा क्रम बहुतेकांना माहीत असतो: परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलंत, काय निष्पन्न झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘स्टार’ म्हणतात. माहीत असूनही तो फसतो, कारण वेळेची वाटणी चुकते. दोन मिनिटांच्या उत्तरात दीड मिनिट पार्श्वभूमीत जातं: कंपनी कशी होती, विभाग किती मोठा, साहेब कसे होते. मुद्दा येईपर्यंत ऐकणाऱ्याचं पेन खाली गेलेलं असतं. परिस्थिती आणि जबाबदारी मिळून वीस-पंचवीस सेकंदांत आटपा. मिनिटभर कृतीला द्या, शेवटची वीस सेकंदं निकालाला. दोन मिनिटांत सावकाश बोलून साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द होतात. लिहून मोजून बघितलंत तर आपण किती लांबण लावतो ते लगेच कळेल.

एक उत्तर जवळून बघू. प्रश्न आहे, ‘एखादी सुधारणा केली असेल तर सांगा.’ उत्तर येतं: ‘आमच्याकडे साठ्यात नेहमी फरक यायचा. मग आम्ही टीमने मिळून त्यावर काम केलं, नवीन प्रक्रिया आणली आणि बरीच सुधारणा झाली.’ यात खोटं काही नाही, पण लिहिण्यासारखंही काही नाही. मुलाखत घेणारा खोदायला लागतो. फरक किती यायचा? कारण काय होतं? नवीन प्रक्रिया कोणी सुचवली? तुम्ही नक्की काय केलंत? तयारी नसेल तर चौथ्या प्रश्नाला उमेदवार गडबडतो, आणि काम त्यानेच केलेलं असलं तरी दुसऱ्याचं श्रेय घेतोय असा संशय येतो.

तेच उत्तर असं देता येईल: ‘दर महिन्याच्या मोजणीत संगणकातला साठा आणि रॅकवरचा साठा यांत चाळीसेक वस्तूंचा फरक यायचा. मोजणीची जबाबदारी माझ्याकडे होती. चोरी असावी असं सगळे धरून चालले होते. मी दोन आठवडे प्रत्येक फरकाची तारीख आणि वस्तू लिहून काढली. बहुतेक फरक ग्राहकाकडून परत आलेल्या मालात निघाले. माल दुपारी रॅकवर जायचा आणि नोंद संध्याकाळी व्हायची, कधी राहूनच जायची. परत आलेल्या मालासाठी मी वेगळा ट्रे ठेवायला लावला आणि नोंदीची स्लिप लावल्याशिवाय ट्रेमधून काही उचलायचं नाही असं ठरवून घेतलं. गोदामातल्या लोकांना सुरुवातीला हे जादाचं काम वाटलं, म्हणून पहिला आठवडा स्लिपा मीच लिहिल्या. तीन महिन्यांनी फरक नऊवर आला. उरलेले नऊ बहुतेक फुटलेल्या मालाचे होते, ते सुटले नाहीत.’

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. जे सुटलं नाही तेही सांगितलं की आधीच्या आकड्यावर विश्वास बसतो. ‘आम्ही’ की ‘मी’ हाही इथलाच मुद्दा. आपल्याला ‘मी मी’ करणं उद्धट वाटतं, ते साहजिक आहे. त्यावर उपाय म्हणजे श्रेय वाटून द्या पण क्रियापदं स्वतःची ठेवा: मी मोजलं, मी विचारलं, मी सुचवलं, सहकाऱ्यांनी अंमलात आणलं. गुण द्यायचे ते तुम्हाला, सगळ्या टीमला नाहीत.

आकडा नसेल तर? प्रत्येक कामाला टक्केवारी लागत नाही, आणि ओढूनताणून आणलेली टक्केवारी दुसऱ्याच प्रश्नात उघडी पडते. वेळ, संख्या, वारंवारता किंवा आधी-नंतरचं चित्र यांतलं एखादं सापडतंच: आधी अहवाल तीन दिवसांनी निघायचा, नंतर त्याच दिवशी, आधी रोज तक्रारीचे फोन यायचे, नंतर आठवड्यातून एखादा. नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ म्हणा, त्यात कमीपणा नाही. जुन्या कंपनीचे गोपनीय आकडे, ग्राहकांची नावं मात्र सांगू नका. जो तिथलं इथे सांगतो तो इथलं उद्या दुसरीकडे सांगेल, हा हिशेब समोरचा लगेच करतो.

ठरलेले अवघड प्रश्न

‘स्वतःबद्दल सांगा.’ हा प्रश्न बरेचदा समोरचा तुमचा रेझ्युमे अजून चाळत असतो म्हणूनही विचारला जातो. गाव, शाळा, आईवडील, छंद हा क्रम सोडा. सध्या काय करता, त्यात ठळक काय केलंत, आधीचा कोणता अनुभव या जागेशी जुळतो आणि इथे अर्ज का केलात, एवढं साठ ते नव्वद सेकंदांत सांगून थांबा. पुढचा प्रश्न तुम्ही टाकलेल्या शब्दावरूनच येतो, म्हणून ज्या प्रसंगावर बोलायला आवडेल त्याचं नाव इथे घेऊन ठेवावं.

‘तुमची कमतरता काय?’ यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर आता विनोदाच्या यादीत गेलंय. खरी कमतरता सांगा, पण या जागेच्या मुळावर येणारी नको. हिशेबनीस म्हणून जाताना आकडेमोडीत चुका होतात असं सांगून चालणार नाही. ‘काम वाटून देताना कचरायचो, त्यामुळे शेवटी माझ्याकडेच साचायचं, आता सोमवारी कामांची यादी करून नावं घालतो, तरी घाईत जुनी सवय डोकं वर काढते’ हे चालतं.

नोकरी का सोडताय, याला एक वाक्य, फार तर दोन. जुन्या साहेबांची गाऱ्हाणी खरी असली तरी तिथे सांगू नका. समोरच्याला दुसरी बाजू कळायचा मार्ग नसतो आणि तो तुमच्याकडेच संशयाने बघतो. मध्ये खंड पडला असेल तर महिने आणि कारण सरळ सांगा: आजारपण, घरची जबाबदारी, कपात, परीक्षेची तयारी. लपवायला गेलात तर तारखा जुळत नाहीत, आणि पडताळणीत निघालेली तफावत मिळालेली ऑफरही घालवू शकते.

पगाराचा प्रश्न कधी पहिल्याच फोनवर येतो, तोही बसमध्ये असताना. म्हणून तीन आकडे आधीच लिहून ठेवा: हवा असलेला, चालेल असा आणि ज्याखाली जायचं नाही असा. तिसरा आकडा स्वतःपुरता. शक्य असेल तर आधी विचारा, ‘या जागेसाठी तुम्ही काय पल्ला धरलाय?’ सांगतात बरेचदा. आपण सांगायची वेळ आली तर हव्या असलेल्या आकड्यापासून थोडं वर सुरू होणारा पल्ला द्या, कारण खालचं टोकच धरलं जातं. निश्चित रक्कम किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, हे वेगळं विचारल्याशिवाय हो म्हणू नका. सध्याच्या पगाराचा आकडा फुगवू नका, पगाराच्या स्लिपा मागितल्या जाऊ शकतात. नोटिस पिरियडही नेमका माहीत हवा. ‘लगेच जॉइन होतो’ म्हणून नंतर दोन महिने मागणाऱ्याबद्दल पहिल्या दिवसाआधीच मत बनतं.

कोडी, चाचण्या आणि न येणारे प्रश्न

१९२१ मध्ये थॉमस एडिसनने नोकरीसाठी येणाऱ्यांना सामान्यज्ञानाची लांबलचक प्रश्नपत्रिका द्यायला सुरुवात केली. ती वर्तमानपत्रांत फुटली आणि मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला पत्रकारांनी त्यातलाच ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला. जे पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. पुढे बऱ्याच काळाने, विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील अशा कोड्यांची फॅशन आली. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की अशी कोडी निव्वळ वेळ घालवतात, त्यांतून पुढचं काही कळत नाही. तरी एखादं कोडं आलंच, तर उत्तराच्या मागे धावू नका; काय गृहीत धरताय ते मोठ्याने सांगत पायरी-पायरीने जा.

कामाची चाचणी ही वेगळी गोष्ट. कोड लिहायला सांगतील, एक्सेलची शीट देतील, एखादी मशीन समोर ठेवतील, अर्धा तास शिकवून दाखवायला सांगतील. इथे बहुतेकजण प्रश्न पुरता न समजून घेता सुरुवात करतात. पहिली दोन-तीन मिनिटं विचारण्यात घाला: माहिती किती, चुकीची असू शकते का, वेग महत्त्वाचा की अचूकता? मग हात चालवताना काय विचार करताय ते बोलत राहा. गप्प बसून चुकीचं उत्तर दिलं तर गुण शून्य. बोलत बोलत चुकलात तर पद्धतीला निम्मे तरी मिळतात, शिवाय समोरचा वेळीच सुचवतोही.

अजिबात येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ एवढ्यावर थांबू नका आणि थापाही मारू नका. ‘हे वापरलेलं नाही. त्याच्या जवळचं हे माहीत आहे, त्यावरून असं असावं असं वाटतं. खात्री करायची तर अमुक ठिकाणी बघेन.’ पूर्ण मुलाखतीत दोन-तीनदा हे चालतं. दर प्रश्नाला असंच व्हायला लागलं तर जाहिरात वाचण्यातच गल्लत झालीय.

तोंडाने सराव

उत्तरं वाचून तयारी झाल्यासारखी वाटते, तो भास असतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. आठवडाभराने मात्र न बघता आठवून काढण्याचा सराव केलेले पुढे होते. म्हणून कागद पालथा घाला आणि बोला. मनातल्या मनात नको, मोठ्याने. मनात वाक्यं नेहमी पूर्ण असतात, तोंडातून यायला लागली की अर्ध्यात तुटतात.

शब्दन् शब्द पाठ करू नका. पाठ केलेल्या उत्तरात एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं, शिवाय आवाज सपाट होतो आणि डोळे छताकडे जातात. प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच खुणेचे शब्द लक्षात ठेवा. वरच्या उदाहरणात ‘चाळीस, तारखा, परत माल, ट्रे, नऊ’ एवढे पुरतात. वाक्यं दर वेळी वेगळी आली तर उत्तमच.

फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा कोणालाच आवडत नाही, तिकडे दुर्लक्ष करा. एकदा फक्त ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते मोजा. दुसऱ्यांदा निकाल किती उशिरा येतो ते बघा. मुलाखत इंग्रजीत होणार असेल तर सराव पहिल्यापासून इंग्रजीतच हवा. मराठीत विचार करून जागच्या जागी भाषांतर करायला गेलं की साधी वाक्यंही अडकतात. छोटी वाक्यं, ओळखीचे शब्द. उच्चारांची फार काळजी नको, वेग थोडा कमी ठेवा.

शेवटी कोणाला तरी समोर बसवा. कौतुक करणारा मित्र नको, प्रत्येक उत्तरावर ‘म्हणजे नक्की काय?’ असं तीनदा विचारणारा हवा. तिसऱ्या ‘नक्की काय’लाही टिकलं ते उत्तर तयार.

कंपनीची माहिती काढायला पाऊण तास खूप झाला. काय विकतात, कोणाला, पैसा कुठून येतो, गेल्या सहा महिन्यांत काय बदललं, एवढं कळलं पाहिजे. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवालातला जोखमीचा भाग वाचा. वेबसाइटवर जे लिहीत नाहीत ते तिथे लिहावं लागतं. त्यांचं ॲप किंवा वस्तू वापरून बघा. मिळालेली माहिती स्तुतीसाठी वापरू नका, प्रश्न विचारायला वापरा.

व्हिडिओवरची आणि समोरासमोरची

व्हिडिओवर चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चेहरा थोडा अंधुक चालेल, शब्द तुटले तर माणूस पाच मिनिटांत कंटाळतो. वायरचा इअरफोन वापरा, ब्लूटूथची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून. उजेड समोरून; मागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो. मीटिंगचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशी उघडून अपडेट करून घ्या, नाहीतर ऐन वेळी दहा मिनिटं अपडेटमध्ये जातात. चार्जर लावलेला, नोटिफिकेशन बंद, फोनचं हॉटस्पॉट तयार, आणि दिसणारं नाव तपासलेलं. भाच्याने ठेवलेलं ‘निंजा किंग’ तिथे नको. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे समोरचा थांबल्यावर सेकंदभर थांबून बोला. खुणेचे शब्द कॅमेऱ्याशेजारी चिकटवले तरी हरकत नाही; पूर्ण उत्तर लिहून वाचायला गेलात तर डोळ्यांची हालचाल लगेच दिसते. काही कंपन्या समोर माणूस न ठेवता प्रश्न दाखवून उत्तर रेकॉर्ड करायला सांगतात. विचाराला अर्धा-एक मिनिट आणि बऱ्याचदा संधी एकच, म्हणून सूचना सुरू करण्याआधी वाचा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर इमारतीपाशी अर्धा तास आधी पोचा, पण रिसेप्शनला दहा मिनिटं आधीच जा. फार लवकर गेलात तर त्यांचीच अडचण होते. रेझ्युमेच्या दोन-तीन प्रती, मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पाकिटांत. कपडे त्या ठिकाणच्या रोजच्या पेहरावाहून एक पायरी वरचे, आणि आधी एकदा घालून बसून बघितलेले.

पॅनेल असेल तर उत्तर प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून सुरू करा, मध्ये इतरांकडे नजर फिरवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे. जो गप्प बसलाय त्याला विसरू नका, बरेचदा तोच तुमचा होणारा साहेब असतो. उत्तराआधी तीन-चार सेकंद थांबलं तर बिघडत नाही. तुम्हाला ते युगासारखं वाटतं, समोरच्याला विचार करताय असं दिसतं. प्रश्न कळला नसेल तर ‘तुम्हाला अमुक विचारायचंय का?’ असं विचारून घ्या. उत्तर संपलं की थांबा. शांतता भरून काढायला पुढे बोलत राहणं, इथे भले भले घसरतात.

‘तुम्हाला काही विचारायचंय?’ यावर ‘नाही, सगळं कळलं’ म्हणणं म्हणजे हातातली संधी सोडणं. तीन प्रश्न तयार ठेवा. ही जागा नवी आहे की आधी कोणी होतं, आणि ती व्यक्ती आता कुठे आहे? पहिल्या तीन महिन्यांत काय झालं तर तुम्हाला निवड बरोबर ठरली असं वाटेल? या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? उत्तरं लक्ष देऊन ऐका, आपणही निवड करतच असतो. पहिल्या प्रश्नावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं, किंवा दीड वर्षात तीन जण येऊन गेल्याचं कळलं, तर ऑफर आल्यावर सही करण्याआधी पुन्हा विचारा. सुट्ट्या, विमा, कामाच्या वेळा हे एचआरसाठी राखून ठेवा.

बाहेर पडल्यावर तासाभरात विचारलेले सगळे प्रश्न आणि तुम्ही सांगितलेले आकडे, तारखा लिहून काढा. पुढच्या फेरीत तोच प्रसंग दुसरा कोणीतरी विचारतो, आणि त्याच्या हातात पहिल्या फेरीच्या नोंदी असू शकतात. तिथे चाळीसचे साठ झाले तर अडचण. दुसऱ्या दिवसापर्यंत चार ओळींचा मेल पाठवा: वेळ दिल्याबद्दल आभार, बोलण्यातला एक नेमका मुद्दा, आणि एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल तर ते दोन वाक्यांत पूर्ण. कधी कळवणार हे निघतानाच विचारलेलं असेल, तर त्या तारखेनंतर कामाचे दोन दिवस जाऊ द्या आणि एकदाच विचारणा करा. नकार आला तर ‘माझी निवड का झाली नाही?’ यापेक्षा ‘कोणत्या एका गोष्टीत मी कमी पडलो?’ हे विचारा. पहिल्याला ठोकळेबाज उत्तर येतं. दुसऱ्याला सगळेच उत्तर देत नाहीत, पण जे देतात ते वहीत त्या रिकाम्या रकान्यासमोर लिहून ठेवण्यासारखं असतं.